गुलाबांचा बॅकअप



चार मराठी माणसं जमली की मंडळ निघतं म्हणतात. जर्मन लोकही कमी नाहीत, त्यांच्या 'फराइन'ला तर रीतसर घटना लागते! १८८३ साली इथल्या गुलाबवेड्यांनी असंच एक फराइन काढलं : 'फराइन डॉयचर रोझनफ्रॉयंड'. त्याचं फ्रँकफर्टशी जवळचं नातं आहे. १८८६ पासून निघालेल्या त्यांच्या 'रोझन-त्साइटुंग'चे सुरुवातीचे संपादक सी. पी. स्ट्रासहाइम हे फ्रँकफर्टचेच.

आता गुलाबासाठी एवढा खटाटोप कशाला? कारण साधं आहे. बी पेरून तीच जात मिळत नाही. ती टिकवायची तर सहसा जंगली गुलाबाच्या खुंटावर डोळा भरतात. म्हणजे एका जातीची जगातली सगळी झाडं एकाच मूळ झाडाच्या कॉपीज. शेवटचं झाड वाळलं की जात कायमची गेली. आणि नर्सरीवाले दरवर्षी नव्याच्या मागे. जुन्या जाती कॅटलॉगमधून गळत जायच्या.

म्हणून ट्रियरच्या पेटर लांबेर्टसारख्या मंडळींनी जुन्या-नव्या सगळ्या जाती एका जागी जपायचं ठरवलं. १९०३ मध्ये सांगरहाउझनला बाग उघडली. आपल्या भाषेत ऑफसाइट बॅकअप!

पुढे त्या बॅकअपची खरी परीक्षा झाली. युद्धानंतर देशाची फाळणी झाली आणि बाग पूर्व जर्मनीत गेली. पश्चिमेकडचे सभासद अलीकडे, त्यांनी जमवलेले गुलाब सीमेपलीकडे. तरीही तिथल्या माळ्यांनी झाडं जगवली. इतरत्र नाहीशा झालेल्या कितीतरी जाती तिथल्या डोळ्यांवरून पुन्हा जगभर गेल्या. आज तिथे आठ हजारांहून जास्त प्रकार आहेत.

एवढ्या लांब जायला जमत नसेल तर बाड नाउहाइमजवळचं श्टाइनफुर्ट गाठा. १८६८ पासून तिथे गुलाबाची शेती आहे, १९७४ पासून म्युझियमही. जून महिना उत्तम.

जाता जाता एक. आपल्या गावच्या अंगणात गुलकंदाचा तो वासाचा गावठी गुलाब असतो ना, त्याचं फराइन नाही. घर पाडून बिल्डिंग उभी राहिली की तो गेला. पुढच्या सुट्टीत गावी गेलात तर त्याची एक फांदी शेजारच्यांकडे लावून या.