गटचर्चेसाठी मेलिंग लिस्ट की फोरम?

विक्रोळी पूर्वेचे कन्नमवार नगर ही म्हाडाची जुनी वसाहत. तिथल्या अनेक सोसायट्या पुनर्विकासाच्या वाटेवर आहेत. घराचे क्षेत्रफळ, पर्यायी जागेचे भाडे, कॉर्पस फंड, विकासकाची बँक हमी असे विषय अशा सोसायटीत महिनोन्‌महिने चर्चेत राहतात. चर्चा व्हॉट्सॲप ग्रुपवर असेल, तर महत्त्वाचा प्रश्न सणांच्या शुभेच्छांखाली बुडतो. सहा महिन्यांनी ‘भाड्याचे काय ठरले होते?’ असे विचारले, की प्रत्येकाला वेगळेच आठवते. अशा दीर्घ चर्चेसाठी दोन जुने पर्याय आजही उपयोगी आहेत.

मेलिंग लिस्ट म्हणजे काय?
संपूर्ण गटासाठी एकच ईमेल पत्ता असतो. त्यावर पाठवलेला मेल सगळ्या सदस्यांना जातो आणि उत्तरही सगळ्यांना मिळते. मजकूर आपणहून सदस्याकडे येतो, वेगळे ॲप लागत नाही. प्रत्येकाच्या इनबॉक्समध्ये प्रत राहते, त्यामुळे एखाद्याला मागाहून आपले म्हणणे गुपचूप बदलता येत नाही. मात्र चर्चा तापली की मेलचा भडिमार होतो आणि लोक मेल न वाचताच पुसतात. नव्या सदस्याला आधीचे मेल आपोआप मिळत नाहीत.

फोरम म्हणजे काय?
फोरमवर प्रत्येक विषयाचा स्वतंत्र धागा असतो. १९९६ पासून चालू असलेले ‘मायबोली’ हे मराठीतले परिचित उदाहरण. भाड्याची चर्चा एका धाग्यात, पार्किंगची दुसऱ्यात. वर्षभरापूर्वीचे उत्तर शोधता येते, नवा सदस्यही सगळे वाचू शकतो. पण फोरमवर आठवणीने जावे लागते. चार-पाच जणच फिरकू लागले, तर त्यांचे मत सगळ्यांचे वाटू लागते. शिवाय नियंत्रकाला मजकूर काढून टाकता येतो, म्हणून तो कोण असावा हे आधी ठरवावे लागते.

निवड कशी करावी?
• सदस्य थोडे, विषय एक-दोन आणि माहिती प्रत्येकापर्यंत पोहोचणे गरजेचे : मेलिंग लिस्ट.
• सदस्य अनेक, विषय बरेच आणि जुने संदर्भ पुन्हा पुन्हा लागणारे : फोरम.
• दोन्ही हवे असेल तर गूगल ग्रुप्ससारखी सेवा. तिथला मजकूर मेलवर येतो आणि संकेतस्थळावर धाग्यांच्या रूपातही राहतो.

कोणताही पर्याय निवडला तरी गट खासगी ठेवावा, किमान दोन व्यवस्थापक नेमावेत आणि एका मेलमध्ये किंवा धाग्यात एकच विषय ठेवावा. ईमेल न वापरणाऱ्या ज्येष्ठ सभासदांसाठी सारांश छापून सूचना फलकावर लावावा. नाहीतर ज्यांचे घर पणाला लागले आहे, तेच चर्चेबाहेर राहतात.

चर्चा म्हणजे निर्णय नव्हे
ऑनलाइन कौल म्हणजे सोसायटीचा ठराव नव्हे. राज्य सरकारच्या ४ जुलै २०१९ च्या पुनर्विकासविषयक निर्णयात विशेष सर्वसाधारण सभेसाठी दोन तृतीयांश गणपूर्ती आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती सांगितली आहे. सभासद सभेला प्रश्न घेऊन आणि कागद वाचून येतील, एवढी तयारी ऑनलाइन चर्चेने करून द्यावी. हात वर करायचा तो सभेतच.