पापणीचें भविष्य

वैद्य एखाद्या रोगास नांव देतो, तेव्हां रोग्याच्या भविष्याविषयींही तो नकळत एक निकाल देऊन टाकतो. याचें प्रत्यंतर पाहावयाचें असल्यास डोळे हालविणाऱ्या स्नायूंच्या एका विकाराचा इतिहास चाळावा. या विकारांत सकाळीं उघडी असलेली पापणी संध्याकाळपर्यंत ढळते, एका दिव्याचे दोन दिसूं लागतात, आणि विश्रांति घेतली कीं तात्पुरतें बरें वाटतें. दृष्टि शाबूत असते. थकतात ते स्नायु. कांहीं रोग्यांत विकार येथेंच थांबतो. कांहींत तो मान, हातपाय, गिळणें व श्वासोच्छ्वास यांपर्यंत पसरतो. म्हणून घरचीं माणसें एकच प्रश्न विचारतात: हें डोळ्यांपुरतेंच राहील ना? या प्रश्नाचें उत्तर हळूहळू कसें घडत गेलें, तें येथें सांगण्याचा आमचा विचार आहे.

इंग्लंडांतील टॉमस विलिस यानें १६७२ सालच्या आपल्या लॅटिन ग्रंथांत, फार वेळ बोलल्यावर जिची वाचा तासदोन तास बंद पडे, अशा एका स्त्रीची हकीकत नमूद केली आहे. पुढें १८७९ सालीं जर्मनीच्या विल्हेल्म एर्ब यानें तीन रोग्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि १८९३ सालीं वॉर्सा येथील सॅम्युएल गोल्डफ्लाम यानें रोगाचे चढउतार नीट टिपले. १८९५ सालीं बर्लिनच्या फ्रीड्रिख योली यानें रोगाचें नामकरण केलें. त्यांतील 'मायस्थेनिया ग्रॅव्हिस' एवढाच भाग आज रूढ आहे. ग्रॅव्हिस म्हणजे गंभीर. नांव त्या काळीं खोटें नव्हतें. श्वासाचे स्नायु थकले म्हणजे रोगी दगावे व वैद्य हताश होई. परंतु ज्याची केवळ पापणी ढळली, त्याच्याही माथीं तेंच नांव बसलें.

१९३४ सालीं ग्रीनिच येथील मेरी वॉकर या डॉक्टरीणबाईंनीं, या रोगाचें क्युरारी नामक विषबाधेशीं असलेलें साम्य ध्यानीं घेऊन, त्या विषावरचा उतारा फायसोस्टिग्मिन टोचून पाहिला. ढळलेली पापणी वर आली. औषधाचा अंमल सरतांच पुन्हां खालीं आली. उपाय सांपडला, पण भविष्य उमगलें नाहीं, कारण रोगाचें मूळच ठाऊक नव्हतें. शरीराची रक्षणशक्तिच आपल्या स्नायूंवर उलटत असावी, असा तर्क स्कॉटलंडच्या जॉन सिम्प्सन यानें १९६० सालीं मांडला. १९७३ सालीं पॅट्रिक व लिंडस्ट्रॉम यांनीं विद्युन्मत्स्याच्या शरीरांतील, मज्जातंतूचा निरोप झेलणारें द्रव्य सशांस टोचलें, तों सशांनाही तेंच दौर्बल्य आलें. तर्कास बळकट पुरावा मिळाला.

भविष्याचें उत्तर मात्र प्रयोगशाळेपेक्षां चिकाटीच्या टिपणांतूनच अधिक मिळालें. न्यूयॉर्कच्या डेव्हिड ग्रोब व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९४० पासून पाहिलेल्या १,४८७ रोग्यांचा वृत्तांत १९८७ सालीं दिला. पहिल्या महिन्यांत ज्यांचा विकार केवळ डोळ्यांत होता, त्यांतील सुमारें दोनतृतीयांशांत तो पुढें पसरला. पण असा पसरणाऱ्यांपैकीं शेंकडा ७८ जणांत पहिल्याच वर्षीं, व ९४ जणांत तीन वर्षांच्या आंत. म्हणजे पहिलीं दोनतीन वर्षेंच खरीं कसोटीचीं. तीं डोळ्यांपुरतीं निभावलीं, तर भीति पुष्कळ ओसरते.

आज रक्तांतील विरोधी द्रव्यें, छातींतील थायमस ग्रंथीची गांठ व विजेनें केलेली स्नायूंची परीक्षा यांवरूनही अंदाज बांधतात. परंतु आम्हांस सर्वांत विचारणीय वाटतें ती २००३ सालची एक पाहणी. कुपरस्मिथ व त्याच्या सहकाऱ्यांनीं १४७ रोगी तपासले. दोन वर्षांत, प्रेड्निसोन न घेतलेल्यांपैकीं शेंकडा ३६ जणांत विकार पसरला. घेतलेल्यांत केवळ ७ जणांत. हे दोन गट चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते, म्हणून हा पुरावा निर्णायक नव्हे. शिवाय त्या औषधाचे स्वतःचे अपायही आहेत. तरी भाकीत उपचारानें बदलूं शकतें, अशी आशा त्यानें दाखविली.

शेंकड्याचे आंकडे समूहाचे असतात. दिव्याखालीं बसलेल्या एका रोग्याचें नांव त्यांत नसतें. तरीही 'गंभीर' एवढा एकच शब्द ऐकून परतणारें कुटुंब, आणि किती वर्षें सावध राहावें व गिळतांना वा श्वास घेतांना त्रास झाल्यास ताबडतोब धांवावें, हें समजून परतणारें कुटुंब, यांच्या रात्री सारख्या जात नाहींत. रोगाचें नांव तेंच राहिलें आहे. त्याचा अर्थ मात्र वैद्यानें समजावून द्यावा लागतो.