परशू गेला, दोरी राहिली

इटलीतल्या फेरारा शहरात, एका जुन्या महालाच्या भिंतीवर एक काळा माणूस उभा आहे. अंगात फाटका पांढरा झगा, कमरेला दोरी, आणि त्या दोरीचे सुटे टोक त्याने मुठीत धरलेले. भिंतीच्या डागडुजीनंतर काढलेली या चित्राची स्वच्छ छायाचित्रे आता कुठेही बसून मिळतात. विदर्भातल्या सिंदेवाहीत कोणी ठरवले तर ते चित्र तालुक्याच्या गावीच छापून घेऊन दिवाणखान्यात लावता येईल. मात्र लावणाऱ्याने या गृहस्थाला परका पाहुणा समजू नये. त्याची ओळखपरेड उज्जैनच्या बाजूला, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच होऊन गेली आहे.

महालाचे नाव स्किफानोइया, म्हणजे साधारण ‘कंटाळा टाळा’. बोर्सो द एस्ते या राज्यकर्त्याने १४६९-७० च्या सुमारास तिथल्या दालनात बारा महिने रंगवून घेतले. प्रत्येक महिन्याचे तीन पट्टे : वर देवांची मिरवणूक, खाली खुद्द बोर्सोचा दरबार आणि मधे काळपट पट्ट्यावर रास. पुढे महालात तंबाखूचा कारखाना आला, भिंतींवर चुना फिरला. एकोणिसाव्या शतकात तो खरवडला तेव्हा बारांपैकी सातच महिने हाती लागले. मार्च, एप्रिल, मे रंगवणारा फ्रांचेस्को देल कोस्सा. मजुरी फुटावर मोजतात म्हणून त्याने मार्च १४७० मध्ये मालकाला तक्रारीचे पत्र लिहिले, आणि पुढे बोलोन्याची वाट धरली.

मधल्या पट्ट्यात दर राशीभोवती तीन आकृती आहेत. त्या कोणाच्या, हे कित्येक वर्षे कोणाला उलगडेना. १९१२ साली रोममधल्या कला-इतिहासाच्या परिषदेत आबी वारबुर्ग या जर्मन अभ्यासकाने उत्तर दिले : हे द्रेष्काण. राशीचे तीस अंश, त्यांचे दहा-दहाचे तीन भाग, दर भागाला एक मूर्ती, अशा छत्तीस. मार्चच्या पट्ट्यातल्या, म्हणजे मेषेतल्या, काळ्या माणसाचा माग काढत वारबुर्ग थेट उज्जैनकडच्या वराहमिहिराच्या ‘बृहज्जातका’पर्यंत पोचला. सहाव्या शतकातल्या त्या ग्रंथात मेषेच्या पहिल्या द्रेष्काणाचे वर्णन आहे : कमरेला पांढरे वस्त्र गुंडाळलेला, काळा, लाल डोळ्यांचा, उग्र पुरुष, राखणीला उभा ठाकल्यासारखा, परशू उगारलेला.

मग हा माणूस भारतीय? इतके सोपे नाही. लगेच पुढच्या, लाल वस्त्रातल्या स्त्रीच्या वर्णनात वराहमिहीर स्वतःच सांगतो की हे रूप यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, सांगितलेले. ‘द्रेष्काण’ शब्दही त्यांचाच : ग्रीक ‘देकानोस’, ज्यात ‘देका’ म्हणजे दहा. आपल्याकडे तो द्रेष्काण, द्रेक्काण, दृकाण असा नाना तऱ्हांनी लिहिला जातो. घरच्या शब्दाचे इतके हाल सहसा होत नाहीत. आणि ग्रीकांनीही ही कल्पना इजिप्तकडून घेतलेली. तिथे रात्रीचे तास मोजायला ताऱ्यांचे छत्तीस पुंज होते.

ज्योतिषातल्या ‘होरा’ या दुसऱ्या शब्दावरचा असाच वाद जुना आहे. ‘अहोरात्र’चे पहिले आणि शेवटचे अक्षर गाळले की होरा, असे काही जण म्हणतात, ही नोंद वराहमिहिराने केली आहे. व्युत्पत्ती चतुर आहे, पण ग्रीकात ‘होरा’ नावाचा शब्द काळाच्या अर्थाने आधीच नांदत होता. शं. बा. दीक्षितांनी १८९६ च्या आपल्या ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात भारतीय ज्योतिषाच्या स्वतंत्र वाढीची बाजू हिरिरीने मांडली, आणि गणिताच्या बाबतीत ती वजनदार आहे. शब्दांच्या बाबतीत मात्र ग्रीकांचे पारडे जड वाटते.

सगळ्यात नवल ‘केंद्र’चे. सिंदेवाहीत कृषी संशोधन केंद्र आहे, कृषी विज्ञान केंद्र आहे, धानाच्या हंगामात खरेदी केंद्राची चर्चा घरोघर असते. हा शब्द ज्योतिषाच्या पोथ्यांतूनच आला, कुंडलीतले पहिले, चौथे, सातवे आणि दहावे स्थान म्हणून. मूळ ग्रीक ‘केंट्रॉन’ म्हणजे बैलाला टोचायची आर. आरेचे टोक, मग कंपासचे रोवलेले टोक, मग वर्तुळाचा मध्य. बैलामागे तुतारी घेऊन चालणारा धानकरी ज्या केंद्रावर धान विकतो, त्या केंद्राच्या पोटात त्याचीच तुतारी आहे!

परत काळ्या माणसाकडे. वारबुर्गला तो मुळात ग्रीक वीर पर्सियस वाटला. रोममध्ये सापडलेल्या, आता लूव्रमध्ये असलेल्या संगमरवरी राशिफलकावर मेषेच्या पहिल्या द्रेष्काणाच्या हाती दुधारी कुऱ्हाड आहे, हा त्याचा पुरावा. १९६३ मध्ये डेव्हिड पिंग्री या अभ्यासकाने या मूर्तींवर भारतीय देवप्रतिमांचा संस्कार दाखवला. परशू आणि लाल डोळे पाहून शिव आठवतोच.

सिंदेवाहीच्या झाडीपट्टीत वाढलेल्या माणसाला मात्र या वर्णनात तिसरेच कोणी दिसते : कमरेला पांढरा पंचा, उन्हाने रापलेले अंग, हातात कुऱ्हाड, जंगलाच्या वाटेवर उभा. परशू यवनांचा असेल, फलक तेच सांगतो. पण कमरेभोवती गुंडाळलेले ते पांढरे वस्त्र उज्जैनच्या आसपास रोज दिसणाऱ्या माणसाचे असावे. ही अटकळच, पण तिला पुढचा प्रवास दुजोरा देतो.

नवव्या शतकात बगदादच्या अबू माशर या ज्योतिष्याने आपल्या ग्रंथात ‘भारतीय म्हणतात’ असे सांगून हीच मूर्ती नोंदवली. काळा रंग, लाल डोळे, राखण, सगळे तसेच. परशू मात्र गायब, आणि पांढरे वस्त्र मोठा घोळदार झगा झाले आहे, मध्ये दोरीने बांधलेला. नेसायचे वस्त्र ज्याने पाहिले नाही, त्याला ‘कमरेला गुंडाळलेले’ म्हणजे काय ते कळले नसावे. त्याने मूर्तीला अंगभर झगा घातला, आणि झगा म्हटला की कमरेला बांधायला दोरी लागतेच. बाराव्या शतकात हा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला, तिथून फेरारात. कोस्साने झगा फाडला आणि दोरीचे टोक मोकळ्या मुठीत दिले. परशूची जागा तीच.

चित्र छापून घ्यायचे झाले तर नजर आधी वरच्या पट्ट्याकडे जाईल, मिनर्व्हाचा रथ असलेल्या. पण मार्चचा मधला पट्टा मागावा. मेंढ्याच्या अलीकडे, डावीकडून पहिला, तो हा.