लष्करची न्याहारी

ग्वाल्हेर म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे तो प्रचंड किल्ला उभा राहतो, तानसेनाची कबर आठवते, १८५८ च्या जून महिन्यात झाशीच्या राणीने जेथे देह ठेवला ती भूमी आठवते. अशा थोर स्मृतींच्या शेजारी बेडई आणि कचोरी यांचे नाव घेणे कित्येकांना औचित्यभंग वाटेल. तथापि शहराचा इतिहास तटबंदीवर जसा वाचता येतो, तसा तो हलवायाच्या कढईतही वाचता येतो. मात्र वाचणाऱ्याला जीभ हवी आणि थोडी चौकस बुद्धीही हवी.

सकाळी साडेसात-आठचा सुमार. लष्करच्या बाजारपेठेत सराफांची आणि कापडवाल्यांची दुकाने अद्याप उघडलेली नसतात; हलवायाची भट्टी मात्र केव्हाच पेटलेली असते. उडदाच्या डाळीचे भरड वाटण हिंग, धने व बडीशेप घालून कणकेत भरावयाचे आणि पुरीसारखे लाटून तळावयाचे, ही बेडई. तिच्यासोबत द्रोणात बटाट्याची पातळ, झणझणीत भाजी येते. गिऱ्हाईक बहुधा उभ्यानेच खाते, भाजी पुन्हा मागून घेते आणि शेवटी गरम जिलबीने तोंड गोड करून कामाला लागते. शेजारच्या दुकानात कचोरी असते, पलीकडे मुगाच्या डाळीचे मंगोडे, आणि अलीकडे गाडीवर वाफाळलेले पोहेही मिळतात.

अशा दुकानांची पारख करण्याची एक जुनी रीत आहे. ती ग्रंथात लिहिलेली नसली, तरी जाणती माणसे ती पाळतात. प्रथम पदार्थ न पाहता कढई पाहावी. तेल काळवंडलेले असेल, तर पुढे काही खाण्याचे कारण नाही. बेडई हातात येताच मोडावी. आतून वाफ निघाली पाहिजे, आणि डाळीचा कण बोटांना लागला पाहिजे. वाटण लोण्यासारखे गुळगुळीत झाले असेल, तर ती बेडई नव्हे, नुसती जाड पुरी. हिंगाचा वास जिभेच्या आधी नाकाला कळावा. भाजीला दाटपणा कुस्करलेल्या बटाट्याने आलेला असावा, पिठाने नव्हे. कचोरीचे कवच दाबताच खुसखुशीतपणे तुटावे आणि बोटांवर तेलाचा ओघळ राहू नये. बुंदीच्या लाडवात कळी मऊ असूनही सुटी दिसावी, आणि खाल्ल्यावर टाळूला तुपाचा थर चिकटू नये. ग्वाल्हेरला १९२४ साली जन्मलेले माजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांना नया बाजारातील बहादुरा यांच्या दुकानातील बुंदीचे लाडू फार प्रिय होते, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. गजक मात्र थंडीतच खावी. तीळ आणि गूळ कुटून कुटून पदर सुटेपर्यंत एकजीव केलेली ही मिठाई दातांना चिकटली, तर कारागीर कमी पडला असे समजावे. शेजारच्या मुरैन्याच्या गजकेला २०२३ साली भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला, तो या कुटण्याच्या कसबाचाच गौरव होय.

एका दुकानाचा निवाडा एका फेरीत करू नये, असाही संकेत आहे. एकच पदार्थ तीन दुकानांत खावा, निराळ्या वेळी खावा, आणि मग मत द्यावे.

अशी तीन-चार दुकाने पालथी घातली की चौकस माणसाच्या ध्यानात एक गोष्ट येते. ज्या जिनसांसाठी हा बाजार नावाजलेला आहे, त्या बहुतेक सर्व तळलेल्या आहेत किंवा मिठाईच्या आहेत. घराघरांत रोज शिजणारे वरण, भात, पोळी यांना बाजारात जुनी कीर्ती नाही. असे का व्हावे? लोकांना तळलेले आवडते, हे उत्तर अपुरे आहे. याचे खरे कारण शहराच्या घडणीत आणि जुन्या समाजरचनेत आहे.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. बेडई-भाजीची ही जोडी राजा मानसिंग तोमराच्या काळापासून चालत आली असावी, असे कोणी सांगितले तर ते मानता येणार नाही. मानसिंगाचे राज्य १४८६ ते १५१६ या काळातले. बटाटा आणि मिरची हे दोन्ही अमेरिका खंडातून आलेले पाहुणे. त्यांतला बटाटा तर उत्तर हिंदुस्थानात सामान्यांच्या ताटात एकोणिसाव्या शतकातच रुळला. डाळ भरलेली पुरी जुनी असेल. तिच्या शेजारचा द्रोण मात्र त्या मानाने अलीकडचा आहे.

लष्कर हे गावही तितकेच अलीकडचे. दौलतराव शिंदे यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेस आपला तळ कायम केला, आणि तळाचे नाव तेच गावाचे नाव होऊन बसले. त्यापूर्वीची ही छावणी फिरती होती. इंग्रज रेसिडेंटाबरोबरच्या पथकातील टॉमस ब्रौटन या अधिकाऱ्याने १८०९ साली ती जवळून पाहिली आणि तेथून लिहिलेली पत्रे १८१३ मध्ये लंडनला प्रसिद्ध केली. मराठ्यांची छावणी म्हणजे चालते शहरच असे. तिच्याबरोबर वाणी, सराफ, हलवाई असा सारा बाजार चाले. तंबू गेले आणि वाडे आले. दौलतगंज, जनकगंज, माधोगंज, पाटणकर बाजार, फालका बाजार ही नावे आजही कोणाची वस्ती कोठे पडली हे सांगतात. राज्यकर्ते आणि त्यांचे कारकून दक्षिणेतले. दूध, तूप आणि डाळी मात्र उत्तरेतल्या, आणि कढईपुढे बसणारा हलवाईही उत्तरेतलाच. घरात पुरणपोळी आणि बाजारात बेडई, असा दुहेरी संसार या गावात प्रथमपासून सुरू झाला.

पण सोवळ्यातल्या माणसाने बाजारातले खावे कसे? १८५७ साली बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने कोकणातल्या वरसईहून निघालेले विष्णुभट गोडसे ग्वाल्हेरला येऊन पोचले. त्यांचा ‘माझा प्रवास’ प्रसिद्धच आहे. त्या काळच्या अशा ब्राह्मण प्रवाशाला मुक्कामोमुक्कामी आपली चूल आपणच मांडावी लागे. परक्याच्या हातचा भात त्याला चालत नसे. उत्तरेत याच विचाराची ‘कच्ची’ आणि ‘पक्की’ अशी विभागणी होती. पाण्यात शिजलेले अन्न ते कच्चे. ते स्वजातीच्याच हातचे घ्यावयाचे. तुपात तळलेले अथवा दुधातले ते पक्के. ते पुष्कळ मोठ्या वर्तुळातल्या हातांतून घेता येई. मराठी घरांतही शिजलेल्या अन्नाचे खरकटे आणि फराळाचे जिन्नस यांत भेद होताच. दोन्ही संस्कृतींचे नियम येथे जुळले, आणि त्या नियमांत बसणारा दुकानदार एकच निघाला, तो म्हणजे हलवाई.

बाजार तळणीचा का झाला, याचा उलगडा येथे होतो. तूप ही केवळ चव नव्हती, तो परवाना होता. पुरी, बेडई, कचोरी, लाडू, जिलबी एवढ्याच जिनसा उघडपणे विकत घेऊन खाता येत; म्हणून कारागिरांची पिढ्यान्‌पिढ्यांची बुद्धी त्यांच्यावरच खर्च झाली. पानांचा द्रोणही याच विचारात बसतो. आज तो डोळ्यांना शोभिवंत वाटतो. त्या काळी त्याचा मोठा गुण हा की त्यात आधी कोणी खाल्लेले नसे आणि नंतर कोणी खाणार नसे. भांड्याचा प्रश्नच उरत नसे.

इकडे १८७४ साली जयविलास राजवाडा उभा राहिला. पुढे तेथील भोजनगृहात मेजावर रूळ मांडून चांदीची चिमुकली आगगाडी मद्य आणि सिगार घेऊन पाहुण्यांपुढे फिरू लागली. ती गाडी पाहण्यास आजही लोक जातात. राजवाड्याचे निमंत्रण मोजक्यांनाच. बाजारातला द्रोण मात्र जो पैसे देईल त्याला, असे सहज म्हटले जाते. ते खरे नव्हते.

ज्यांना समाजाने अस्पृश्य ठरविले होते, त्यांना हिंदुस्थानभर ठिकठिकाणी अशा दुकानांच्या पायरीखालीच उभे राहावे लागे. पैसे दूर ठेवावयाचे, जिन्नस वरून टाकला जाईल तो झेलावयाचा, आणि चहा हवा असेल तर वेगळी ठेवलेली कपबशी स्वतः धुऊन वापरावयाची. त्याच्या लेखी कचोरी खुसखुशीत होती की नाही हा प्रश्नच गैरलागू होता. ज्याला बसता येत नाही, बोट दाखवून ‘हे ताजे दे’ असे म्हणता येत नाही, शिळे परत करता येत नाही, त्याने पारख करावी तरी कशी?

चहाने या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का दिला. चहा पाण्यात उकळलेला, भांड्यातून प्यावयाचा. पक्क्या अन्नाच्या जुन्या वर्गवारीत त्याला सोयीची जागा नव्हती. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका सभेनंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. हजर असलेल्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. नावे वर्तमानपत्रात छापली गेली, ग्रामण्य माजले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि पुढे रानडे व टिळक या दोघांनीही प्रायश्चित्त घेतले. एवढ्या थोरांची ही स्थिती, तर सामान्यांची काय असेल!

याच्या पुढचे पाऊल दुसऱ्या एका मराठी संस्थानात पडले. कोल्हापूरचे शाहू महाराज यांच्या पदरी असलेल्या गंगाराम कांबळे या सेवकाला पाण्याला स्पर्श केल्याच्या कारणावरून मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केलेच. शिवाय गंगारामला स्वतंत्र धंदा काढण्यास साहाय्य केले. १९२० च्या सुमारास गंगारामने कोल्हापुरात चहाचे दुकान थाटले. दुकान स्वच्छ होते, चहा चांगला होता, परंतु सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराजांनी आपली गाडी त्या दुकानापुढे थांबवून चहा मागविण्याचा परिपाठ ठेवला. स्वतः घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही देत. छत्रपतींच्या हातातून आलेला पेला नाकारणार कोण? उपाहारगृहात जाऊन तेथला जिन्नस चाखून पाहणे ही एरवी किती क्षुल्लक गोष्ट! त्या दिवसांत कोल्हापूरच्या रस्त्यावर तीच राजधर्माची कृती ठरली.

परंतु राजाची मर्जी राजाबरोबर जाते; शाहू महाराज १९२२ साली निवर्तले. टिकाऊ आधार हवा तो कायद्याचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मसुदा तयार केलेले संविधान २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आले. त्याच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नावानिशी उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकाला तेथे मज्जाव करता येत नाही. १९५५ च्या अस्पृश्यता अपराध अधिनियमाने तर उपाहारगृहात सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरण्यास अडविणे हाही गुन्हा ठरविला. स्वतंत्र देशाच्या कायद्यात कपबशीची दखल घ्यावी लागली, यावरून रोग किती खोल होता हे समजते.

या काळातच ग्वाल्हेरची राजवटही पालटली. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य भारत नव्या मध्य प्रदेशात. छावणी मांडणारे राज्य गेले. छावणीचा बाजार राहिला. महाराज बाड्याच्या आसपास आजही सकाळी भट्ट्या पेटतात. मराठी घरांतली मुले घरचे पोहे खाऊन निघतात आणि वाटेत बेडईपाशी थबकतात. तूप जाऊन पुष्कळ ठिकाणी तेल आले. द्रोणही सर्वत्र पानांचाच राहिला आहे असे नाही. ज्या नियमामुळे हे पदार्थ जन्माला आले तो नियम दुकानात कोणी विचारीत नाही, परंतु त्याने घडविलेली चव मात्र जिभेवर कायम आहे.

ग्वाल्हेरला जाणाऱ्याने ही चव अवश्य घ्यावी आणि परखडपणे तिचा निवाडाही करावा. कढई पाहावी, डाळीचा कण पाहावा, हिंगाचा वास घ्यावा. त्याबरोबर एक गोष्ट आणखी पाहावी. आपल्या शेजारी कोण उभे आहे, आणि दुकानदार त्यालाही आपल्यासारखाच ताज्या घाण्यातला जिन्नस, तशाच द्रोणात, हातात हात देऊन देतो की नाही. संविधानाने दुकानाची पायरी काढून टाकली. ती गिऱ्हाइकाच्या आणि दुकानदाराच्या मनातूनही निघाली आहे किंवा नाही, हे तेथे दोन मिनिटांत कळते. बेडई उत्तम असून ही दुसरी परीक्षा उतरली नाही, तर त्या दुकानाला पैकीच्या पैकी गुण देता येणार नाहीत.