एका पैशाची पुण्याई

मोठी कार्ये मोठ्या देणग्यांवाचून उभी राहत नाहीत, असा समज रूढ आहे. पैसाफंडाचा इतिहास त्यास उत्तर देतो. अंताजी दामोदर काळे यांनी दरसाल माणशी अवघा एक पैसा मागितला; लोकमान्य टिळकांनी त्या कल्पनेस पाठबळ दिले; आणि १९०८ साली त्या फंडातून तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला.

त्या काळी रुपयाचे ६४ पैसे होत; म्हणजे एका रुपयासाठी ६४ माणसांपुढे हात पसरावयाचा. पोस्टकार्डही एका पैशाचेच. पत्राने वर्गणी मागावी, तर मागण्यातच ती सरावी! तेव्हा दारोदार हिंडणे प्राप्तच होते. आमच्या मते ही पायपीट हेच फंडाचे खरे भांडवल. तिच्यामुळेच तो कारखाना एका धन्याचा न राहता पैसा देणाऱ्या प्रत्येकाचा झाला.

आम्ही परप्रांतांतील नोकरदार मंडळाची मासिक वर्गणी आता घरबसल्या फोनवरून धाडतो. सोय झाली खरी. पण मागणारा दाराशी येत नाही, आणि दिलेल्या पैशाचे काय झाले, हे विचारावयाचे आम्हीही विसरतो. ती विचारपूस पुन्हा सुरू होईल, तरच आमच्या वर्गणीतून काही कार्य उभे राहील.