सामुदायिक बागेसाठी पर्जन्यजल संचय : हुबळी-धारवाडचे गणित

हुबळी-धारवाड ही जुळी शहरे पाणलोटाच्या सीमेवर वसली आहेत. धारवाडजवळ उगम पावणारी शाल्मला पश्चिमेकडे वाहते, तर हुबळीच्या पूर्वेकडील पाणी बेण्णीहळ्ळातून मलप्रभेला मिळते. मोठी नदी जवळ नसल्याने पिण्याचे पाणी प्रामुख्याने सौंदत्तीजवळील मलप्रभा जलाशयातून आणावे लागते. याच मलप्रभेत भर घालण्यासाठी कर्नाटकाने कळसा-भांडुरा योजना आखली. २०१८ मध्ये म्हादई जलविवाद लवादाने तिच्यासाठी ३.९ टीएमसी पाणी मंजूर केले. गोव्याने या निवाड्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले आहे. इतक्या वादाचे पाणी बागेच्या वाफ्यांत ओतण्याऐवजी छपरावरचे पाणी वापरणे शहाणपणाचे ठरते.

किती पाणी मिळते?
एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमते. धारवाड परिसरात वर्षाला सुमारे ७५० मि.मी. पाऊस पडतो. वीस टक्के घट धरली तरी १०० चौ.मी. छपरावरून ६०,००० लिटर पाणी हाती लागते. तेवढ्याच क्षेत्राच्या भाजीपाल्याला कोरड्या दिवसांत रोज अंदाजे ४०० लिटर लागतात. म्हणजे हा साठा १५० दिवसांचा.

टाकी केवढी असावी?
६०,००० लिटरची टाकी बहुतेक बागांना परवडत नाही. १०,००० लिटरची टाकी १२५ मि.मी. पावसात भरते आणि २५ दिवस पुरते. पावसाळ्यातील खंडात ती पुनःपुन्हा रिकामी होऊन भरत असल्याने तिच्या आकारापेक्षा कितीतरी अधिक पाणी वापरात येते. ऑक्टोबरमधील परतीच्या पावसाने ती शेवटची भरून घ्यावी. उन्हाळ्याची पूर्ण गरज मात्र तिच्याने भागत नाही. तेव्हा लागवडीचे क्षेत्र कमी करणेच इष्ट.

उरलेले पाणी
टाकीतून वाहणारे पाणी जमिनीत मुरवावे. धारवाडकडील तांबड्या मातीत शोषखड्डा चांगले काम देतो. हुबळीच्या पूर्वेकडील काळी माती भिजली की फुगते आणि पाणी सावकाश शोषते. तेथे उथळ चर आणि वाफ्यांवर पालापाचोळ्याचे आच्छादन अधिक उपयोगी पडते.

दक्षता
पहिल्या सरींचे धूळमिश्रित पाणी टाकीत न घेता बाहेर सोडावे. पन्हळी पावसाळ्यापूर्वी साफ कराव्यात. डासांची पैदास टाळण्यासाठी टाकीला झाकण आणि प्रत्येक तोंडाला बारीक जाळी असावी. सामुदायिक बागेत ही कामे कोणी करायची, हे जूनपूर्वीच ठरवून ठेवावे.