आइसलंडचीं छायाचित्रें व त्यांमागील इतिहास

मी जन्मभर शाळामास्तर. मॅट्रिकच्या पलीकडे माझें शिक्षण झालें नाहीं, आणि ज्या देशाविषयीं आज बोलणार आहें तो मीं डोळ्यांनीं पाहिलेला नाहीं. तरीहि ह्या विषयाकडे मी वळलों तो एका विद्यार्थ्यामुळें. भूगोलाच्या तासाला मीं एका जुन्या दिनदर्शिकेंतील रंगीत छायाचित्र वर्गांत टांगलें होतें. चित्र आइसलंडचें होतें. काळ्या खडकांच्या लाटांमागून लाटा, त्यांवर हिरव्या शेवाळाची मऊ दुलई, आणि दूर एक हिमाच्छादित शिखर. “पाहा मुलांनो, सृष्टीचें हें केवढें निर्मळ सौंदर्य!” असें मी म्हणालों. तोंच मागच्या बाकावरील एक मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, ह्यांत माणसें कोठें आहेत?” वर्ग हंसला. मीहि हंसलों, आणि “तेथें कोणी राहत नसेल” असें उत्तर देऊन मोकळा झालों.

त्या चित्राखालीं बारीक अक्षरांत ‘एल्डह्राउन’ असें नांव छापलेलें होतें. पुढें निवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली, तेव्हां त्या नांवाचा अर्थ कळला: अग्नीचें लाव्हाक्षेत्र. आणि माझें उत्तर किती चुकीचें होतें हेंहि कळलें. त्या चुकीचें परिमार्जन म्हणून आजचें हें भाषण.

आइसलंड हें उत्तर अटलांटिक महासागरांतील एक बेट. पृथ्वीच्या कवचाचे दोन प्रचंड भाग, एक अमेरिकेकडील व दुसरा युरोपाकडील, तेथें वर्षास सुमारें २ सेंटिमीटर इतक्या मंद गतीनें एकमेकांपासून दूर सरत आहेत. त्या फटींतून भूगर्भांतील तप्त शिलारस वर येतो. हा प्रकार आपणांस अगदींच परका नाहीं. ज्या काळ्या पाषाणांत अजिंठ्याचीं व वेरुळचीं लेणीं कोरलीं गेलीं, तो सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं असाच रसरूपानें वर आलेला आहे. फरक इतकाच कीं, आपला अग्नि मनुष्याच्या जन्मापूर्वींच थंड झाला. आइसलंडचा अग्नि अद्याप जागा आहे. शिवाय त्या देशाचा सुमारें दहावा भाग हिमनद्यांखालीं आहे. अग्नि उंचवटे घडवितो, हिम वितळून नद्या वाहतात, आणि मग त्या नद्या कड्यांवरून खालीं कोसळतात. दक्षिणेकडील स्कोगाफॉस हा ६० मीटर उंचीचा धबधबा ज्या कड्यावरून पडतो, तो एके काळीं समुद्राचा किनारा होता.

आतां त्या शेवाळलेल्या खडकांकडे वळूं. १७८३ सालीं ८ जून रोजीं लाकी नांवाच्या डोंगराजवळ जमीन दुभंगली. ती भेग जवळजवळ २५ किलोमीटर लांब होती आणि तिच्यावर शंभराहून अधिक ज्वालामुखें उघडलीं. हा उद्रेक पुढील सालच्या फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे आठ महिने चालला. शिलारसाच्या नद्यांनीं सुमारें ६०० चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला. पण खरा घात केला तो रसानें नव्हे, वायूंनीं. विषारी धुकें गवतावर बसलें; तें गवत खाऊन मेंढरें, गाई व घोडे मेले; आणि पशुधन गेल्यावर दुष्काळानें माणसें गेलीं. त्या वेळीं देशाची लोकसंख्या सुमारें पन्नास हजार होती. तींतील पांचवा हिस्सा नाहींसा झाला. त्या भागांतील योन स्टेनग्रिम्सन ह्या धर्मगुरूनें २० जुलै १७८३ रोजीं, शिलारस गांवाकडे सरकत असतां, चर्चमध्यें लोकांस एकत्र करून प्रार्थना केली. त्यानंतर तो प्रवाह थांबल्याचें आढळलें, आणि तें प्रवचन ‘अग्निप्रवचन’ ह्या नांवानें आजहि तेथें ओळखलें जातें. ह्याच गृहस्थानें १७८८ सालीं त्या संकटाचा सविस्तर वृत्तांत लिहून ठेवला.

माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें पहिलें उत्तर हें होय. माणसें त्या खडकांखालीं गाडल्या गेलेल्या शेतांत होतीं.

लाकीचें छायाचित्र कोणापाशींहि नाहीं, कारण छायाचित्रणाची कलाच तेव्हां जन्मास आली नव्हती. दागेर ह्या फ्रेंच गृहस्थाची पद्धति १८३९ सालीं जाहीर झाली. तिच्यांत रुप्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर एकच चित्र उमटे. त्याची दुसरी प्रत निघत नसे. अवघ्या सहा वर्षांनीं, १८४५ सालीं, देक्लोझो हा फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ तीं साधनें घेऊन आइसलंडांत उतरला. त्यानें घेतलेलीं रेक्याविक नगराचीं चित्रें हीं त्या देशांतील उपलब्ध छायाचित्रांत सर्वांत जुनीं समजलीं जातात.

पुढें १८५१ सालीं ओल्या कांचेची पद्धति निघाली. कांचेवर रसायन पसरावयाचें, तें ओलें असतांनाच चित्र घ्यावयाचें आणि लगेच अंधारांत धुवावयाचें. म्हणजे अंधाऱ्या खोलीचें काम देणारा तंबू, रसायनांच्या बाटल्या, जड कांचा आणि तिवई हें सर्व बिऱ्हाड बरोबर न्यावें लागे. आइसलंडांत त्या काळीं गाडीरस्ते नव्हते. नद्यांवर पूल क्वचितच होते. तेथील ठेंगण्या व काटक घोड्यांच्या पाठीवर सारें लादून, हिमाच्या थंडगार प्रवाहांतून वाट काढावी लागे. एक कांच फुटली कीं दिवसाचे श्रम वायां.

अशा दिवसांत सिगफूस एमुंडसन हा आइसलंडचाच एक पुत्र पुढें आला. त्याचा जन्म १८३७ चा. मूळचा धंदा पुस्तकबांधणीचा. नॉर्वेंत जाऊन तो छायाचित्रण शिकला आणि १८६० नंतरच्या दशकांत रेक्याविकला त्यानें आपली चित्रशाळा थाटली. देशांतील दृश्यें, गांवें आणि माणसें त्यानें टिपलीं. परंतु त्याच्या चरित्रांतील एक गोष्ट मनास चटका लावते. १८७५ सालीं आस्क्या ज्वालामुखीच्या राखेनें पूर्वेकडील कुरणें झांकून गेलीं आणि अनेक कुटुंबांनीं अमेरिकेची वाट धरली. एमुंडसन हा अशा परदेशीं जाणाऱ्या लोकांच्या प्रवासाची व्यवस्था पाहणारा मुनीमहि होता. ज्या भूमीचें रूप तो कांचेवर जतन करीत होता, तिलाच सोडून जाणाऱ्यांस तिकिटें देणें हेंहि त्याच्याच नशिबीं आलें.

त्या जुन्या चित्रांतील धबधबे पाहतांना एक गंमत लक्षांत येते. पाणी पाण्यासारखें दिसतच नाहीं. पिंजलेल्या कापसासारखें दिसतें. कारण त्या कांचा मंद असत. चित्र उमटण्यास कित्येक सेकंद लागत, आणि तेवढ्या वेळांत पाणी पुढें निघून जाई. छायाचित्रकाराचा तो नाइलाज होता. आज उत्तम यंत्रें असून हौशी लोक भिंगावर काळी कांच चढवून मुद्दाम तोच परिणाम साधतात. एका पिढीची अडचण दुसऱ्या पिढीचा शौक होते, ती अशी!

पुढें कोरड्या कांचा आल्या आणि बिऱ्हाड हलकें झालें. इंग्लंडांतील यॉर्क येथील नेत्रवैद्य टेम्पेस्ट अँडरसन हा सुटी मिळाली कीं ज्वालामुखी पाहावयास निघे. १८९० व १८९३ ह्या सालीं तो आइसलंडांत आला. त्याचा ज्वालामुखींवरील सचित्र ग्रंथ १९०३ सालीं प्रसिद्ध झाला. फ्रेडरिक हॉवेल ह्या दुसऱ्या इंग्रजाचा तर त्या भूमीनें बळीच घेतला. प्रवासी मंडळींस घेऊन तो वारंवार तेथें जाई व छायाचित्रें घेई. १९०१ सालीं हेराद्सवोत्न ही नदी घोड्यावरून ओलांडतांना तो बुडाला. त्याचीं छायाचित्रें अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठानें जपून ठेविलीं आहेत.

आतां दुसरें उत्तर. गुल्फॉस म्हणजे सुवर्णप्रपात. ह्वीता नदी तेथें दोन टप्प्यांनीं, एकूण ३२ मीटर, खालीं झेपावते. आज त्याचें छायाचित्र घेतल्याशिवाय कोणी परततच नाहीं. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभीं विजेसाठीं तो प्रपात अडविण्याचा बेत चालला होता. जवळच्या ब्राटहोल्ट येथील शेतकऱ्याची कन्या सिग्रिदुर तोमसदोत्तिर हिनें त्याविरुद्ध कंबर बांधली. खडतर वाटेनें ती पुनःपुन्हां पायीं राजधानीस गेली. धबधब्यास हात लावाल तर त्यांतच उडी घेईन, असें तिनें बजावल्याचें सांगतात. तिचे वकील स्वेन ब्यर्नसन हे पुढें १९४४ सालीं आइसलंडच्या प्रजासत्ताकाचे पहिले अध्यक्ष झाले. तो बेत अखेर तडीस गेला नाहीं. सिग्रिदुर १९५७ सालीं वारली आणि १९७९ सालीं तो परिसर संरक्षित ठरला. तिचें स्मारक प्रपाताजवळ आहे. गुल्फॉसच्या बहुतेक छायाचित्रांत ही बाई दिसत नाहीं. पण ती नसती तर तें छायाचित्रहि कदाचित् नसतें.

विसाव्या शतकांत उद्रेक आणि छायाचित्र हीं एकमेकांची सोबत करूं लागलीं. १९६३ च्या नोव्हेंबरांत दक्षिण किनाऱ्यापलीकडे समुद्रांतून धूर निघाला आणि सुर्त्सी हें नवें बेट जन्मास आलें. तो जन्मसोहळा कॅमेऱ्यांनीं टिपला. १९७३ सालीं २३ जानेवारीच्या मध्यरात्रींनंतर जवळच्याच हैमाय बेटावर भूमि फाटली. सुदैवानें मासेमारीच्या होड्या बंदरांत होत्या. सुमारें पांच हजार रहिवासी त्याच रात्रीं बाहेर काढण्यांत आले. पुढें समुद्राचें पाणी शिलारसावर फवारून लोकांनीं आपलें बंदर वांचविलें. राखेंत छपरापर्यंत बुडालेलीं घरें आणि त्यांतून सामान काढणारे लोक, हीं त्या वेळचीं छायाचित्रें मला कोणत्याहि रम्य देखाव्याहून मोलाचीं वाटतात. लाकीच्या वेळीं एका धर्मगुरूच्या लेखणीस जें एकटीनें करावें लागलें, त्यास येथें भिंगाची साथ मिळाली.

परंतु छायाचित्राची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. चार लाखांहून कमी वस्तीच्या ह्या देशांत २०१८ सालीं सुमारें तेवीस लाख परदेशी प्रवासी आले. एका प्रसिद्ध गायकाच्या २०१५ सालच्या चित्रफितींत झळकलेली एक सुंदर घळ पुढें इतकी तुडविली गेली कीं, २०१९ सालीं ती कांहीं काळ बंद ठेवावी लागली. लाव्हावरचें शेवाळ फार सावकाश वाढतें. चित्रासाठीं वाट सोडून टाकलेलें एक पाऊल भरून येण्यास कित्येक वर्षें लागतात. उलट, जुनीं छायाचित्रें आज मोठी साक्षहि देत आहेत. हिमनद्यांचीं जुनीं व नवीं चित्रें शेजारीं ठेवलीं कीं, हिम किती मागें हटलें तें डोळ्यांस दिसतें. ओक नांवाची हिमनदी आतां हिमनदी राहिली नाहीं असें २०१४ सालीं ठरलें, आणि २०१९ सालीं तेथें एक स्मृतिफलक बसविण्यांत आला.

श्रोतेहो, तो मुलगा आतां कोठें असेल तें मला ठाऊक नाहीं. भेटला तर मी त्याला सांगेन, “बाळ, तुझा प्रश्न बरोबर होता, मास्तरांचें उत्तर चुकलें होतें. माणसें त्या चित्रांतच होतीं. कांहीं खडकांखालीं होतीं, कांहीं देश सोडून गेलीं होतीं, एक बाई धबधब्याच्या रक्षणार्थ राजधानीच्या वाटेवर होती, आणि एकजण नदीच्या तळाशीं गेला होता.” आपल्या घरांतील भिंतीवर असें एखादें रम्य चित्र असेल, तर मुलांना तें अवश्य दाखवावें, मात्र त्यांनीं हाच प्रश्न विचारला, तर माझ्यासारखें हंसून मोकळें होऊं नये.